प्रयोगशाळा आणि उंबरठा

विधिमंडळातील खडाजंगी, पक्षांतराच्या वावड्या आणि बदल्यांच्या याद्या ह्यांना वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर मानाची जागा मिळते. शास्त्रीय संशोधनाची वार्ता मात्र बहुधा आतल्या पानावर चार ओळींत आटोपते. वाचकही ‘असेल काही तरी’ म्हणून पान उलटतो. कुणा गणितज्ञाने एक नवी आकृती शोधली, कुणी अंतराळातून आलेला कंप मोजला, कुणी मेलेल्या माकडाच्या शरीरात विषाणू शोधला, कुणी तान्ह्या मुलाच्या कानांची परीक्षा घेतली. ह्या साऱ्याचा आमच्या शेताशी, बाजारहाटाशी आणि घरातल्या पाळण्याशी काय संबंध, असा प्रश्न त्याच्या मनात आला तर तो अस्वाभाविक नाही. परंतु त्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि आज ते थोडे विस्ताराने द्यावे असे आम्हांस वाटते.

प्रथम गणिताचे उदाहरण घेऊ, कारण निरुपयोगीपणाचा आरोप गणितावरच अधिक होतो. चौकोनी किंवा षट्कोनी लाद्यांनी जमीन फट न राहता झाकता येते आणि नक्षी ठरावीक अंतराने पुनःपुन्हा येते, हे कोणत्याही गवंड्याला ठाऊक असते. गणितज्ञांना पडलेला प्रश्न उलटा होता. जी एकही फट न ठेवता अमर्याद जमीन झाकील, पण जिची नक्षी कधीही ठरावीक क्रमाने परत येणार नाही, अशी लादी असू शकेल काय? १९६६ साली रॉबर्ट बर्गर ह्यांनी अशा लाद्यांचा एक संच प्रसिद्ध केला. पण त्यात वीस हजारांहून अधिक प्रकारच्या लाद्या होत्या. १९७४ साली रॉजर पेनरोज ह्यांनी ती संख्या दोनवर आणली. हे एकाच लादीने साधेल काय, हा प्रश्न पुढे जवळजवळ पन्नास वर्षे अनुत्तरित राहिला. २०२२ च्या अखेरीस त्याचे उत्तर हाती आले ते इंग्लंडमधील डेव्हिड स्मिथ ह्या निवृत्त मुद्रणतंत्रज्ञाच्या. हे गृहस्थ कोणत्याही विद्यापीठात अध्यापक नव्हते. आकृत्यांच्या छंदापायी पुठ्ठ्याचे तुकडे कापून जुळवीत असताना तेरा बाजूंची एक आकृती त्यांना चमत्कारिक वागताना दिसली. त्यांनी ती क्रेग कॅपलन ह्या संगणकशास्त्रज्ञांना कळविली, आणखी दोन गणितज्ञ येऊन मिळाले, आणि मार्च २०२३ मध्ये चौघांनी मिळून सिद्धता मांडली. ह्या लादीबरोबर तिची आरशातील प्रतिमाही वापरावी लागते, मग ती एक लादी कशी, अशी शंका निघाली. तेव्हा दोनच महिन्यांत त्यांनी प्रतिमेची गरज नसलेली दुसरी आकृती पुढे ठेवली. एका छांदिष्टाचे कुतूहल, त्याला हसून न टाळणारे पंडित, आणि शंका निघताच तिचे निरसन करण्याची तयारी, ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणूनच हे घडले.

पदार्थविज्ञानाची वाट ह्याहूनही लांब आहे. १९१६ साली आइन्स्टाइन ह्यांनी गुरुत्वलहरी असाव्यात असे अनुमान काढले. विशेष हे की, १९३६ साली त्यांचाच त्यावरील विश्वास डळमळला. अशा लहरी नाहीतच असे प्रतिपादन करणारा लेख त्यांनी एका सहकाऱ्यासह लिहिला. नियतकालिकाच्या परीक्षकाने त्यातील चूक दाखविली, आइन्स्टाइन संतापले, पण अखेरीस लेखाचा निष्कर्ष बदलला. १४ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे अनुमानानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, अमेरिकेतील दोन वेधशाळांनी ती लहर प्रत्यक्ष टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेली दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती; त्या कंपाने चार किलोमीटर लांबीच्या भुजेत जो फरक पडला तो प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे हजाराव्या हिश्शाएवढा होता. अशा लहरींचा क्षीण स्वर गोंगाटातून वेगळा कसा काढावा, ह्याच्या पद्धती पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकापासून, म्हणजे एकही लहर सापडलेली नसताना, बसवीत होते. पुढे १४ जानेवारी २०२५ रोजी, आपल्याकडे मकरसंक्रांत साजरी होत असताना, तोपर्यंतची सर्वांत सुस्पष्ट लहर पृथ्वीवर पोहोचली. विलीनीकरणानंतर कृष्णविवराच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ घटू शकत नाही, हा स्टीफन हॉकिंग ह्यांनी १९७१ साली मांडलेला सिद्धांत तिच्यामुळे कसोटीस उतरला. अशीच एक वेधशाळा मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यात, नागनाथाच्या औंढ्याजवळ, उभी राहावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

इतका पैसा आकाशातील कंप मोजण्यासाठी का, असे विचारणारे निघतील, आणि त्यांना अज्ञानी ठरवून गप्प करणे आम्हांस मान्य नाही. ज्या जिल्ह्यात पावसाने दगा दिला की शेतकरी उघड्यावर पडतो, तेथे हा प्रश्न विचारण्याचा लोकांना अधिकारच आहे. त्याला नेहमीचे उत्तर असे की, आजचे निरुपयोगी ज्ञान उद्या उपयोगी पडते. हे उत्तर खरे असले तरी ते उधारीचे आहे. आमचे उत्तर निराळे आहे, आणि ते कृष्णविवरांकडून थेट सह्याद्रीच्या रानात येते.

१९५७ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली, आणि त्याच सुमारास भोवतालच्या खेड्यांतील माणसांना कडक ताप, असह्य अंगदुखी व काहींना रक्तस्राव होऊ लागला. आफ्रिकेतील पीतज्वर हिंदुस्थानात शिरला की काय, अशी धास्ती पडली. सुदैवाने पुण्यात १९५२ सालीच विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले होते, आणि कीटकांवाटे पसरणाऱ्या विषाणूंचा अभ्यास हे त्याचे नेमलेले काम होते. तेथील संशोधकांनी मेलेली माकडे, रुग्णांचे रक्त आणि गोचिडी तपासून थोड्याच अवधीत सांगितले की, हा पीतज्वर नव्हे, हा नवाच विषाणू आहे, आणि तो गोचिडीच्या चाव्यातून येतो. ते केंद्र साथ आल्यावर स्थापन करावयाचे ठरले असते, तर निदानाची वाट पाहण्यातच कित्येक बळी गेले असते. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे शहाणपण आमच्या वाडवडिलांनी शिकविलेच आहे. कुतूहलापोटी चाललेले संशोधन म्हणजे तहान लागण्यापूर्वी खणलेली विहीर होय. कोणत्या विहिरीला पाणी लागेल हे आधी सांगता येत नाही, एवढ्याचसाठी ती खणण्याचे थांबविणे शहाणपणाचे नाही.

पण येथेच गोष्टीचा दुसरा, कमी सुखाचा भाग सुरू होतो. हा माकडताप कित्येक वर्षे क्यासनूरच्या परिसरातच राहिला आणि मग हळूहळू पश्चिम घाटाच्या कण्याने दोन्ही दिशांना सरकला. दक्षिणेस तो केरळातील वायनाडपर्यंत गेला. उत्तरेस २०१५ साली तो गोव्यात सत्तरीत आढळला, आणि २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात. सत्तरीत तो झाला कुणाला? काजूच्या बागांत राबणाऱ्या मजुरांना. ह्यात आश्चर्य नाही. गोचिडीच्या पिलांचा सुळसुळाट कोरड्या महिन्यांत असतो, आणि काजूचा हंगामही नेमका त्याच महिन्यांत येतो. बोंडू वेचावयाचे म्हणजे पाचोळ्यात वाकून, बहुधा अनवाणी, तासन्‌तास हिंडावे लागते. ह्या रोगाची शंभर माणसांना लागण झाली तर तीन ते पाच दगावतात, आणि नेमके औषध नसल्यामुळे उपचार केवळ लक्षणांवरच करावे लागतात. कर्नाटकात दिली जाणारी जुनी लस अपुरे संरक्षण देई आणि तिच्या मात्रा पुनःपुन्हा घ्याव्या लागत. २०२२ नंतर तीही बंद झाली. नव्या लशीचे काम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हाती घेतले आहे. ती येईपर्यंत मजुराच्या हाती उरते ते केवळ ज्ञान: रानात मेलेले माकड दिसले तर त्याच्या आसपास न फिरकता ताबडतोब आरोग्यकेंद्राला कळविणे, रानात जाताना अंग झाकणे आणि गोचिडी दूर ठेवणारे तेल लावणे, परतल्यावर अंगावर गोचीड शोधणे आणि ऊन पाण्याने स्नान करणे. ह्यात अवघड असे काही नाही. अवघड आहे ते हे ज्ञान पुण्याच्या प्रयोगशाळेतून सत्तरीच्या घराच्या उंबरठ्याशी, हंगाम सुरू होण्यापूर्वी, आणि दर वर्षी न चुकता पोहोचविणे.

हे अशक्य आहे असे कुणी म्हणू नये, कारण जनावरांच्याच एका रोगाने त्याचे उलट प्रमाण दिले आहे. बुळकांडीने एके काळी गावेच्या गावे बैलांवाचून ओसाड केली. त्या रोगाचा भारतातील शेवटचा उद्रेक १९९५ साली झाला, आणि २०११ साली जगातूनच तो नाहीसा झाल्याची घोषणा झाली. देवीच्या रोगानंतर माणसाने समूळ नष्ट केलेला हा दुसराच रोग. ह्या यशाचे अर्धे श्रेय प्रयोगशाळेचे आहे. उत्तम लस तिने दिली, आणि पुढे उष्णतेतही न बिघडणारी लस तिनेच दिली. उरलेले श्रेय मात्र ती लस गोठ्यापर्यंत नेणाऱ्यांचे आहे. आफ्रिकेच्या दुर्गम भागांत, जेथे पशुवैद्य पोहोचू शकत नव्हते, तेथे गुराख्यांतीलच माणसांना टोचण्याचे शिक्षण देण्यात आले. रोगी जनावर कोणत्या कळपात आहे हे त्यांना सरकारी दप्तरापेक्षा अधिक अचूक ठाऊक होते. ज्ञान खाली उतरले आणि खालचे ज्ञान वरही गेले, तेव्हा कुठे तो रोग हटला.

ज्ञान असे आपोआप एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जात नाही, ह्याचे अतिशय बोलके प्रत्यंतर अलीकडे लहान मुलांविषयीच्या एका संशोधनातून मिळाले आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आदी संशोधकांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत विक्री करणाऱ्या १,४३६ मुलांची परीक्षा घेतली, आणि तिचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. ही मुले अमुक भावाची भाजी एवढी, तमुक भावाची तेवढी, दिलेल्या नोटेतून परत किती, असले हिशेब कागदाला हात न लावता बिनचूक करीत होती. तीच आकडेमोड, किंबहुना तिच्याहून सोपी, शाळेच्या पद्धतीने निव्वळ आकड्यांत मांडली की त्यांना ती सुटेना. उलट शेजारच्या शाळांत जाणाऱ्या, पण बाजाराचा अनुभव नसलेल्या ४७१ मुलांना कागदावरची उदाहरणे त्यांच्याहून बरी सुटत, आणि बाजारातला हिशेब मात्र जमत नसे. दोन्हीकडे गणित तेच होते, मुलेही सारखीच हुशार होती. मध्ये भिंत होती, आणि तिला दार ठेवण्याचे कुणाच्या मनात आले नव्हते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा बेळगावच्या भाजी मंडईत आईबापांच्या शेजारी बसून पैसे मोजणारे मूल वर्गात ‘गणितात कच्चे’ ठरत असेल, तर शिक्षकांनी हा शेरा मारण्यापूर्वी दोनदा विचार करावा, एवढा बोध ह्या संशोधनातून निश्चित निघतो.

मुलांच्या भाषेविषयीचे संशोधनही आम्हांस असेच जवळचे वाटते. १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस ह्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील ‘ट’ आणि ‘त’ ऐकविले. हा भेद इंग्रजीत नाही, आणि प्रौढ इंग्रजी भाषकाला तो कानांनी ओळखणे फार जड जाते. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांनी मात्र आवाज बदलताच मान वळवून तो ओळखला. दहा ते बारा महिन्यांची होईतो ती शक्ती जवळजवळ लोपली होती. हिंदी भाषक घरांतील मुलांत ती शाबूत होती. म्हणजे मूल एकही शब्द बोलण्यापूर्वी त्याच्या कानाने आपली भाषा निवडलेली असते. त्याच्याही पुढचे पाऊल २०२३ साली केंब्रिज व डब्लिन येथील संशोधकांनी टाकले. उषा गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० मुलांना त्यांच्या चौथ्या, सातव्या व अकराव्या महिन्यांत बालगीते ऐकवून मेंदूतील लहरींची नोंद घेतली. वाहत्या बोलण्यातील सुटे वर्ण मेंदूत नीट उमटू लागतात ते सातव्या महिन्याच्या सुमारास, आणि तेही हळूहळू. त्यापूर्वी मुलाला आधार असतो तो बोलण्याच्या ठेक्याचा, असा त्यांचा अभिप्राय आहे. पहिले संशोधन म्हणते की मूल सुटे वर्ण लवकर ओळखते. दुसरे म्हणते की ओघात ते उशिरा उमटतात. दोहोंत वरवर दिसणारा विरोध संशोधकांना लपवावासा वाटत नाही. एकाने सुटा उच्चार तपासला, दुसऱ्याने ओघ तपासला. ह्या दोहोंची सांगड घालणे हेच पुढचे काम. म्हणून मुलाची बुद्धी वाढविण्याच्या नावाने बाजारात जी यंत्रे खपविली जातात त्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही. परंतु जात्यावर किंवा पाळण्याशी जी लय आमच्या आज्यांनी मुलांच्या कानांत घातली ती वेळ घालविण्याची गंमत नव्हती, असे मात्र आता अधिक खात्रीने म्हणता येईल.

गणित, पदार्थविज्ञान, पशुरोग, भाषा आणि बालविकास ह्या पाच वाटा एका लेखात आणल्या ह्याचे कुणास नवल वाटेल. पण वाटा वेगळ्या पाहण्याची सवय आमची आहे, ज्ञानाची नव्हे. गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांनी १९४३ साली संख्याशास्त्रात मांडलेली पद्धती पुढे दुसऱ्या दोघांच्या नावाने जगभर प्रसिद्ध झाली. १९४४ साली आनुवंशिकीत त्यांनी दिलेले सूत्र आजही त्यांच्याच नावाने वापरले जाते. ह्याच कोसंबींनी प्राचीन नाणी तराजूत तोलून इतिहासाला अंकांची शिस्त लावली आणि भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. अंक आणि अक्षर ह्यांच्यामध्ये त्यांना भिंत दिसली नाही. अशा माणसाचे नाव अभिमानाने घेणाऱ्या समाजाने आपल्या मुलांपुढे मात्र आठवीपासूनच ‘शास्त्र की कला’ असा प्रश्न टाकावा, हे आम्हांस विसंगत वाटते.

ह्यावरून काही मागण्या सरळ निघतात. पहिली शासनाकडे. भारत संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्काही खर्च करीत नाही. २०२०–२१ चा आकडा ०.६४ टक्के होता. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान निर्माण झाले आणि पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांची योजना आखली गेली, हे स्वागतार्ह आहे; पण त्यातील मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून अपेक्षिलेला आहे, आणि काजूच्या मजुराच्या तापात नफा पाहणारा कारखानदार सहसा सापडत नाही. अशा ठिकाणी सरकारनेच सातत्याने पैसा पुरविला पाहिजे. दुसरी मागणी गोवा, महाराष्ट्र व कर्नाटक ह्या तीन राज्यांकडे. सीमेवरून आणि पाण्यावरून त्यांचे वाद आहेत, ते चालू राहतील. पण गोचीड सीमेवरचा दगड वाचीत नाही. रानात मेलेल्या माकडाची वर्दी एका राज्यात मिळताच ती उरलेल्या दोन राज्यांतील आरोग्य व वन खात्यांना त्याच दिवशी पोहोचावी, आणि काजूच्या हंगामापूर्वी प्रत्येक वाडीवर मराठी, कोंकणी व कानडीतून माहिती सांगितली जावी. त्या कामी वाडीवरचीच माणसे तयार करावीत. बुळकांडीच्या उच्चाटनाने तो धडा दिलाच आहे. तिसरी मागणी विद्यापीठांतील विद्वानांकडे. आपले संशोधन परदेशी नियतकालिकांत छापून आले की काम संपले असे त्यांनी मानू नये. ज्या लोकांच्या करातून प्रयोगशाळा चालते त्यांच्या भाषेत ते सांगणे, त्यातील खात्रीचा भाग कोणता आणि शंकेचा कोणता हेही सांगणे, हा उपकार नसून देणे आहे.

ह्यावर कुणी म्हणेल की, मराठीत शास्त्र सांगावयाचे तर शब्द कुठून आणावयाचे? ही सबब आता जुनी झाली. गोचीड, बुळकांडी, माकडताप हे शब्द कोणत्याही समितीने घडविले नाहीत. ज्यांच्या अंगावर आणि ज्यांच्या गोठ्यात हे रोग आले त्यांनीच रोजच्या व्यवहारात ते रुळविले. जी वस्तू लोकांच्या जीवनात येते तिला नाव मिळतेच. शास्त्र लोकांच्या जीवनात आणले तर भाषा मागे राहणार नाही.

संशोधक आपल्या वाटेने जात राहतील. कुणी पुठ्ठा कापील, कुणी शंभर वर्षांपूर्वीचे अनुमान तपासील, कुणी गोचिडी गोळा करील. त्यांच्याकडून तात्काळ लाभ मागण्याची घाई आम्ही करू नये. आमची जबाबदारी दुसरी आहे. त्यांनी शोधलेले जे आज उपयोगी आहे ते वर्षानुवर्षे कपाटात पडून राहू नये, ह्यासाठी शासनाने, शाळेने, विद्यापीठाने आणि वृत्तपत्राने आपापल्या वाट्याचे ओझे उचलले पाहिजे. पुण्यात १९५७ साली कळलेली गोष्ट सत्तरीतील काजू वेचणाऱ्या बाईला येत्या हंगामापूर्वी कळलेली असेल काय, हीच ह्या साऱ्या संशोधनाच्या बाबतीत आमची खरी परीक्षा होय.